शेजारच्या सहा वर्षांच्या मुलाला ब्लड कॅन्सर निघालाय, गल्लीने नेमकं काय करावं?

पूर्वभागकर (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातल्या धाकट्याला, वय सहा, पंधरा दिवसांपूर्वी ए.एल.एल. नावाचा ब्लड कॅन्सर निघाला. महिनाभर ताप येत-जात होता, पाय दुखतात म्हणून रडायचा, मग मांडीवर निळे डाग दिसले. रक्ताचा रिपोर्ट बघून इथल्या बालरोगतज्ज्ञांनी त्याच दिवशी मुंबईला जायला सांगितलं. आता अक्का, म्हणजे त्याची आई, आणि मुलगा परळला, टाटा हॉस्पिटलमध्ये आहेत. अण्णा, म्हणजे वडील, इकडे-तिकडे करतात. ते यंत्रमागावर आहेत, जितका माल निघेल तितके पैसे, त्यामुळे गेलेल्या दिवसाची मजुरी गेलीच. थोरली मुलगी अकरा वर्षांची, इथे आजीजवळ आहे. आजीचे गुडघे धरलेले.

गल्लीत प्रत्येकाला काहीतरी करायचं आहे. वर्गणी काढली, ३२ हजार जमले. आठ-दहा जण गाडी करून भेटायला जाऊ म्हणतायत. एकाने कुठलंसं चाटण आणून ठेवलंय, कुणाची तरी गाठ त्याने विरघळली म्हणे. काल माझ्या बायकोने अक्कांना फोन केला तर त्या नुसत्या रडत राहिल्या, आणि हिलाही पुढे काय बोलावं ते सुचेना.

भेटायला जावं का? पैसे कसे द्यावेत? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी लिहा. आम्हाला मदत करायची आहे, पण आमच्यामुळे त्यांचा त्रास वाढायला नको.

जुळे सोलापूरची आई

दादा, माझ्या मुलाला पाचव्या वर्षी हाच आजार झाला. आज तो नववीत आहे, उपचार संपून सहा वर्षं झाली. हे आधी सांगते, कारण त्या पहिल्या पंधरा दिवसांत मला बरा झालेला एक तरी मुलगा डोळ्यांनी बघायचा होता आणि कोणी दाखवत नव्हतं. लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार आहे आणि पूर्ण उपचार घेतले तर बहुतेक मुलं बरी होतात. अक्कांना हे सांगा. जमलं तर एखाद्या बऱ्या झालेल्या मुलाच्या आईशी त्यांचं बोलणं करून द्या. मी तयार आहे.

दुसरी गोष्ट गल्लीला सांगा. हा दोन-अडीच वर्षांचा उपचार आहे. पहिला महिना फार कडक असतो, त्याला इंडक्शन म्हणतात. महिन्याने बोन मॅरोचा, म्हणजे हाडातल्या मगजाचा, रिपोर्ट चांगला आला की सगळ्यांना वाटतं, सुटलं. सुटलेलं नसतं. नंतर कितीतरी महिने इंजेक्शनं, पाठीच्या मणक्यातून द्यायची औषधं, आणि शेवटी मेंटेनन्स, म्हणजे घरी राहून रोज रात्री एक गोळी आणि आठवड्यातून एकदा दुसरी गोळी. आमच्याकडे पहिल्या महिन्यात दारात चपला ठेवायला जागा नव्हती. मेंटेनन्स सुरू झालं तेव्हा दाराशी कोणीच नव्हतं. लोक वाईट नव्हते हो, त्यांना वाटलं काम झालं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की प्रत्येक घराने एक काम धरा, लहानसं का असेना, आणि ते शेवटच्या गोळीपर्यंत सोडू नका.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पाणी धरलं होतं. सोलापुरात पाणी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. चार-पाच दिवसांनी येणार, कधी पहाटे, कधी रात्री दीडला. आम्ही परळला, घरी माझ्या सासूबाई एकट्या. काकू आल्या आणि म्हणाल्या, "वरच्या टाकीची किल्ली दे." बास, एवढंच बोलल्या. अडीच वर्षं त्यांनी आमचं पाणी भरलं. आम्ही मुंबईहून येणार असलो की आदल्या पाण्याला टाकी रिकामी करून घासून घ्यायच्या, आणि आम्ही पोचायच्या आत दोन पातेली पाणी उकळून झाकून ठेवलेली असायची. मुलाच्या पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना शिळं, साठलेलं पाणी पोटात जाऊन चालत नाही. मी त्यांना हे कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी कुणाला तरी विचारून घेतलं होतं.

"काही लागलं तर सांगा" हे वाक्य मी रोज ऐकायचे आणि त्यावर एकदाही काही सांगितलं नाही. सांगायला आधी आपल्याला काय लागतंय ते सुचावं लागतं. माझं डोकं औषधांच्या वेळांत आणि काउंटच्या, म्हणजे रक्तपेशींच्या, आकड्यांत अडकलेलं असायचं.

भेटायला आठ-दहा जण अजिबात जाऊ नका. किमोने मुलाची प्रतिकारशक्ती जवळजवळ शून्यावर येते. आपली साधी सर्दी त्याला आय.सी.यू.त नेऊ शकते. जायचंच तर एकाने जा, ज्याला सर्दी-खोकला नाही, घरात कुणाला कांजिण्या नाहीत, आणि जो दोन दिवस राहील. मुलाला बघायला म्हणून जाऊ नका, अक्कांना झोपवायला जा. त्यांना म्हणा, चार तास मी बसते, तू आंघोळ करून झोप. माझी धाकटी बहीण असं करायची. ती आली की मला पडल्या पडल्या झोप लागायची.

राहण्याची सोय झाली का ते अण्णांना विचारा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा जागा बाहेरगावच्या पेशंटसाठी आहेत. कॅन्सरच्या मुलांसाठी आणि आईवडिलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, तिथे राहणं मोफत असतं. पण तिथे आपण थेट जाऊन भागत नाही, हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडून नाव जावं लागतं. आमचे पहिले नऊ दिवस एका लॉजवर गेले आणि हातातले पैसे तिथेच संपले, कारण सोशल वर्करना भेटायचं असतं हेच माहीत नव्हतं.

प्रवासाचंही सांगते. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं पूर्ण भाडं माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत असते. हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो आणि तिकीट खिडकीवरच काढावं लागतं. तुमच्यापैकी एकाने हे खिडकीचं काम धरा. सिद्धेश्वर एक्सप्रेसला रिझर्व्हेशन मिळालं तर रात्री बसून पहाटे दादर. नाही मिळालं तर आजारी लेकराला घेऊन जनरलच्या गर्दीत, ते मी एकदा केलंय.

पैशाचं. ३२ हजार एकदम हातात देऊ नका, असं माझं मत. अण्णांशी बोला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, हॉस्पिटलमधले आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, कागद सांगतात. मुलाचं नाव रेशनकार्डावर आहे का ते आज बघा. आमच्या धाकट्याचं नव्हतं. ते चढवायला इथल्या कार्यालयात कोणी जायचं, आम्ही तर मुंबईत. माझ्या मिस्टरांच्या मित्राने तीन चकरा मारल्या, त्याचं ऋण मी विसरणार नाही. औषधोपचार योजनेतून आणि हॉस्पिटलच्या मदतीतून बरेचसे भागले, घर मात्र भागत नव्हतं. दूध, अंडी, टॅक्सी, मोबाइलचं रिचार्ज, इथलं लाइटबिल, थोरलीची फी, आणि बुडालेली मजुरी. दर महिन्याला ठरावीक तारखेला थोडे थोडे पोचले तर जीव शांत राहतो.

आणि एक. "गरोदरपणी काय खाल्लं होतंस?" हे अक्कांना कोणी विचारू नका. मला माझ्या जवळच्या नात्यातल्या बाईंनी विचारलं. आईच्या खाण्याने हा आजार होत नाही, हे डॉक्टरांनी मला तीनदा समजावलं, तरी तो प्रश्न माझ्या डोक्यातून दोन वर्षं गेला नाही.

पूर्वभागकर

ताई, रात्री बायकोला वाचून दाखवलं. रेशनकार्ड आजीकडून घेऊन बघितलं, मुलाचं नाव नाहीच. उद्या अर्ज घेऊन मी स्वतः जातो. गाडी करून जायचं रद्द केलं, दोघे-तिघे नाराज झाले पण ऐकलं.

थोरलीचं विचारायचं होतं. ती काहीच बोलत नाही. शाळेत जाते, आल्यावर आजीला भाकरी थापू लागते, शहाण्यासारखी वागते. गल्लीतल्या बायका तिचं कौतुक करतात, "किती समजूतदार ग." मला मात्र ते बघवत नाही. तिला आम्ही सांगितलंय की भाऊ तापाने आजारी आहे.

जुळे सोलापूरची आई

दादा, तिला खरं सांगा. आज नाही तर उद्या, पण आईवडिलांनाच फोनवरून सांगू द्या, आणि तुमच्या मिसेस तेव्हा तिच्याजवळ बसू द्या.

माझी थोरली तेव्हा दहा वर्षांची. तिला आम्ही अक्कलकोटला माझ्या भावाकडे ठेवलं होतं. तीही अशीच शहाणी झाली होती. काही मागायची नाही, फोनवर "मी बरी आहे" एवढंच. सात महिन्यांनी आम्ही घरी आलो, त्या रात्री ती माझ्या कुशीत आली आणि विचारलं, "आई, मी दिवाळीत त्याला ढकललं होतं, त्याच्या पाठीला लागलं होतं. त्याने झालं का?" सात महिने. माझं लेकरू सात महिने हे एकटं घेऊन झोपत होतं, आणि सगळं घर म्हणत होतं किती समजूतदार.

तुमच्याकडच्या मुलीला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. हा आजार तिच्यामुळे झाला नाही. तो लागट नाही, भावाजवळ बसल्याने तिला होणार नाही. आणि आई तिला सोडून गेलेली नाही, औषध मोठं आहे म्हणून वेळ लागतो. आजाराचं नाव सांगा. शाळेत कुणीतरी ते बोलणारच, ते आधी घरच्यांकडून तिच्या कानावर पडू दे.

तिला "समजूतदार" म्हणणं थांबवा. तुमच्या घरात तिच्या वयाची मुलं असतील तर संध्याकाळी तासभर खेळायला न्या. गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वरची जत्रा, भरली की तिला पाळण्यात बसवून आणा, आणि भाऊ आजारी असताना मजा कशी करायची असं तिला वाटलं तर सांगा की आईनेच पाठवलंय. अक्कांकडून तसं बोलून घ्या फोनवर.

माझ्या थोरलीने पुढे एक काम आपणहून घेतलं. मेंटेनन्समधली ती आठवड्याची गोळी चुकून रोज दिली गेली तर जिवाला धोका असतो. तिने कॅलेंडरवर दर बुधवारी पिवळा गोल काढला आणि बाकीच्या दिवसांवर काहीच नाही. दीड वर्ष तिच्या गोलाकडे बघूनच मी गोळी दिली. तेव्हापासून ती पुन्हा भांडायला लागली भावाशी.

रक्तगट ओ पॉझिटिव्ह

ताईंनी सगळं सांगितलंय, मी फक्त रक्ताबद्दल लिहितो. गेली अकरा वर्षं मी प्लेटलेट देतोय, सोलापुरात आणि नोकरीनिमित्त मुंबईत असताना तिथेही.

गल्लीतली पोरं उत्साहाने एकाच दिवशी वीस जण रक्तपेढीत जातात. तसं करू नका. या मुलांना प्लेटलेट वारंवार लागतात आणि काढलेल्या प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. सोमवारी वीस जणांनी दिलं आणि पुढच्या बुधवारी गरज पडली तर काय उपयोग? यादी करा. नाव, रक्तगट, फोन, मुंबईत कुठे असतो. आपल्या सोलापूरची कितीतरी पोरं मुंबई-ठाण्यात नोकरीला आहेत, तीच खरी कामाची. गट करा आणि पाळी लावा.

एस.डी.पी. म्हणजे एका दात्याकडून मशिनवर फक्त प्लेटलेट काढतात, बाकीचं रक्त परत शरीरात जातं. तासभर ते दीड तास लागतो. साधं रक्त दिल्यावर पुरुषाला तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार महिने, पण एस.डी.पी. ४८ तासांनी पुन्हा देता येते, आठवड्यात जास्तीत जास्त दोनदा आणि वर्षात २४ वेळा. आधी तपासणी होते, दात्याच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर असाव्या लागतात, शीर चांगली लागते. तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही. उपाशी जाऊ नका, दूध-भाकरी खाऊन जा.

जवळच्या नातेवाइकांनी, म्हणजे वडील, काका, मामा यांनी आधी रक्तपेढीत नातं सांगावं. रक्ताच्या नात्यातलं रक्त या मुलांना देण्याआधी त्यावर किरणांची प्रक्रिया करावी लागते. काका भावनेच्या भरात नातं लपवतात, ते करू नका.

निवृत्त शिक्षिका, विजापूर रोड

माझ्या हातून झालेली एक चूक लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून होणार नाही. माझ्या वर्गातल्या मुलीच्या लहान भावाला कॅन्सर झाला तेव्हा मी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर मदतीचं आवाहन केलं. मुलांनी खाऊचे पैसे आणून डब्यात टाकले. ती मुलगी रांगेत उभी होती. दुसऱ्या दिवसापासून ती आठवडाभर शाळेत आली नाही. पैसे जमले, पण मी तिला सगळ्यांच्या नजरेसमोर उभं केलं होतं. आजही ती रांग डोळ्यांसमोर येते.

पूर्वभागकर, थोरलीच्या वर्गशिक्षिकेला एकट्याने जाऊन भेटा. गृहपाठ राहिला तर ओरडू नका, डबा आणला नाही तर लक्षात घ्या, एवढंच सांगा. आणि शाळेत कांजिण्यांची साथ आली तर त्याच दिवशी घरी कळवायला सांगा. धाकटा घरी आलेला असेल आणि बहिणीकडून त्याला कांजिण्या झाल्या तर ते फार धोक्याचं असतं. संपर्क आल्याचं पहिल्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना कळलं तर बचावाचं औषध देता येतं.

जुळे सोलापूरची आई

बाई, तुम्ही हे लिहिलंत, फार बरं वाटलं.

दादा, त्या चाटणाचं राहिलं. ते अक्कांपर्यंत पोचू देऊ नका. देणाऱ्याचा राग करू नका, पण देऊ नका. किमोची औषधं आधीच यकृतावर ताण देतात, त्यात काय आहे हे माहीत नसलेलं चाटण गेलं तर यकृत बिघडतं, मग किमो थांबवावी लागते आणि तेवढ्यात आजार उचल खातो. परळला आमच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलाला चौथ्या महिन्यात गावी नेलं, कुणीतरी सांगितलं किमो म्हणजे विष, इकडे मुळी देतो. तो मुलगा माझ्या मुलाबरोबर गोट्या खेळायचा. त्याच्याबद्दल पुढचं मला लिहवत नाही.

आणि ते इकडे परत येतील तेव्हासाठी एक काम बाकी आहे, रात्रीची गाडी. काउंट कमी असताना ताप १००.४ च्या वर गेला की वाट बघायची नाही, पॅरासिटामॉल देऊन दाबायचा नाही, डॉक्टरांना फोन आणि तडक हॉस्पिटल, तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. आम्ही पहिल्यांदा घरी आलो त्या रविवारी रात्री अडीचला त्याला ताप चढला. घरात एकाने गोळी दिली, ताप उतरला, आम्ही झोपलो. सकाळी सहाला त्याचे हातपाय गार. रिक्षा मिळेपर्यंत वीस मिनिटं गेली. वाचला तो, अकरा दिवस दवाखान्यात होता. पुढच्या महिन्यापासून समोरच्या बंगल्यातल्या काकांनी त्यांच्या गाडीची एक किल्ली आमच्या देव्हाऱ्याशेजारी लटकवून ठेवली आणि फोन उशाशी ठेवून झोपायला लागले. चार वेळा त्यांना उठवलं. चारही वेळा ते चप्पल न घालता खाली आले.

मुलगा घरी आला की स्टेरॉइडमुळे सारखी भूक भूक करेल, चिडेल, गाल फुगतील. माझा रात्री दोनला उठून कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागायचा. मीठ-तिखट कमी द्यायला सांगितलं होतं, म्हणून काकू त्याच्यासाठी वेगळी चटणी कुटून बरणीत भरून ठेवायच्या. त्याला चिडका म्हणू नका. औषध गेलं की तो परत येतो.

पूर्वभागकर

आज रविवार, आमच्या घरी नऊ जण बसलो होतो. ठरलं ते लिहितो, काही चुकत असेल तर सांगा.

पाणी माझ्या बायकोने धरलं. तिकीट खिडकी आणि रेशनकार्ड माझ्याकडे, अर्ज गुरुवारी दिलाय. पैसे दर महिन्याच्या ५ तारखेला अण्णांच्या खात्यात जातील, आजीचं किराणा आणि लाइटबिल वेगळं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे चारचाकी आहे, रात्रीचं तो बघणार. कारखान्यातल्या पोरांची रक्तगटाची यादी झाली, २३ नावं, त्यातली सहा मुंबईत. चाटणवाल्या मामांना मी घरी जाऊन भेटलो. त्यांचा भाऊ कॅन्सरने गेलाय हे मला माहीत नव्हतं. बराच वेळ बसलो. बरणी त्यांनी आत ठेवली, आणि आठवड्यातून दोनदा आजीला दवाखान्यात न्यायचं काम मागून घेतलं.

काल संध्याकाळी अक्कांनी फोनवर थोरलीला सांगितलं. बायको जवळ होती. पोरगी ऐकून घेत राहिली, मग विचारलं, "त्याचे केस गेले का?" अक्का म्हणाल्या, हो, थोडे. तर म्हणाली, "त्याला आरसा दाखवू नको, मी टोपी पाठवते." आज सकाळपासून ती आणि माझी मुलगी लोकर घेऊन बसल्यात. अण्णा मंगळवारच्या सिद्धेश्वरने जातायत, तोवर होईल म्हणते.

ताई, तुमचा नंबर मला मेसेजमध्ये पाठवाल का? अक्का तुमच्याशी बोलायचं म्हणतायत.